पॉलिश केलेली चमक दहा दिवसांत जाते: क्लिअर कोटचं पावसाळी दुखणं

सप्टेंबर संपत आला की गाड्यांची छोटी मॉडेलं करणाऱ्या मित्रांकडून मला एकाच जातीचे फोटो येऊ लागतात. दोन-दोनच्या जोडीने. पहिल्या फोटोत काळी किंवा गडद निळी गाडी, बॉनेटवर ट्यूबलाइटची रेघ दोरीसारखी सरळ. दुसऱ्या फोटोत तीच गाडी, दहा-बारा दिवसांनंतरची. ट्यूबलाइट दिसते, पण तिच्या कडा फुटलेल्या, वर धुरकट पडदा, आणि गाडी जरा तिरकी धरली की पेपरने घासल्याच्या रेघा परत वर आलेल्या. सोबतचा प्रश्नही ठरलेला: पुन्हा कंपाउंड मारलं, पुन्हा आरसा झाला, पुन्हा गेला, आता कोणतं कंपाउंड घेऊ?

कंपाउंड, म्हणजे घासून चमक आणणारी पेस्ट, घेऊ नका. घरात आहे तेही आठवडाभर कपाटात ठेवा. दर खेपेला पॉलिश करताना तुम्ही क्लिअरचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक कोटाचा, थोडा थर काढून टाकताय, आणि तो मुळात फार नसतो. तीन-चार ओले हात मारले तरी वाळून उरणारी जाडी माणसाच्या केसाच्या आसपास, बहुतेकदा त्याहून कमीच. चौथ्या-पाचव्या खेपेला मडगार्डच्या धारेवर खालचा रंग उघडा पडतो आणि मग सगळी बॉडी सोलून पहिल्यापासून करावी लागते.

हे मी एका पद्मिनीवर भोगलंय. बाबांनी काळी-पिवळी चालवली. ३० ऑक्टोबर २०२३ नंतर मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी म्हणून गेलीच, तेव्हा त्यांच्यासाठी १:२४ प्रमाणात एक करायची ठरवली. काळी बॉडी, पिवळं छत, वर लॅकरचं क्लिअर. गणपतीत घरी येणाऱ्यांना दाखवायची म्हणून ऑगस्टच्या ओल्या हवेत क्लिअर मारलं आणि पाचव्या दिवशी घासायला घेतलं. चतुर्थीला बॉनेटमध्ये मखराचे दिवे दिसत होते. अनंत चतुर्दशीला दिसत नव्हते. परत पॉलिश केली, दसऱ्याला परत गेली. शेवटी बाबांनी ती परळच्या एका गॅरेजमधल्या रंगारी मामांकडे नेली. त्यांनी ती ना उजेडात धरली, ना बोट लावलं. नाकाजवळ नेली आणि म्हणाले, "ओली आहे अजून."

दोन महिने झालेली गाडी ओली! पण ते बरोबर होते, आणि या दुखण्याचं निदान जवळजवळ दर वेळी तिथेच निघतं.

लॅकर सुकतं म्हणजे नेमकं काय होतं

तामियाचं टीएस-१३ असो, मिस्टर कलरचं जीएक्स-१०० असो की हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी (नायट्रोसेल्युलोज) क्लिअर, हे सगळे लॅकर फक्त थिनर उडून सुकतात. आत कोणतीही रासायनिक गाठ बसत नाही. म्हणूनच दुसरा हात पहिल्याला थोडा विरघळवून त्यात मिसळतो. ही लॅकरची मोठी सोय आहे आणि आपल्या तक्रारीचं मूळही तेच. वरची कातडी अर्ध्या तासात हाताला कोरडी लागते. तिच्याखाली अडकलेलं थिनर मात्र त्या कातडीतूनच वाट काढत आठवडेच्या आठवडे बाहेर पडत राहतं. ते जातं तशी फिल्म आकसते. आकसताना ती खाली जे काही आहे त्यावर बसत जाते: प्रायमरवरचे ओरखडे, डीकलची (चिकटवलेल्या पातळ चित्राची) कड, पुटी भरलेली जागा. तुम्ही सपाट करून आरसा केलेला पृष्ठभाग होता तो फुगलेल्या, नरम फिल्मचा. फिल्म बसली की तो सपाट राहत नाही.

नरम फिल्म घासण्यात दुसराही घोळ आहे. पेपरचे कण ती नीट कापत नाहीत, ओढतात. चरा कापला जाण्याऐवजी दाबला जातो, कंपाउंडने त्याच्या कडा मिटल्यासारख्या होतात, आणि पुढे फिल्म आकसल्यावर तोच चरा परत उघडतो. "रेघा परत आल्या" असं आपण म्हणतो तेव्हा त्या गेलेल्याच नसतात.

काळा रंग यातलं काहीच झाकत नाही. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर हेच घडतं, फक्त डोळ्याला कमी दिसतं. शिवाय मॉडेलचं प्रमाण लक्षात घ्या. १:२४ च्या बॉनेटवर एक मिलिमीटर रुंदीची लाट म्हणजे खऱ्या गाडीवर २४ मिलिमीटरची. डोळा ती लगेच पकडतो.

आधी तीन परीक्षा

धूसरपणा सगळा सारखा नसतो, आणि चुकीच्या निदानावर केलेली मेहनत क्लिअरच खाते. म्हणून हातात पेपर घेण्याआधी हे करून बघा.

पहिली पाण्याची. धुरकट जागी पाण्याचा एक थेंब ठेवा आणि थेंबातून बघा. थेंबाखाली रंग खोल, काळाभोर दिसला तर दोष पृष्ठभागावर आहे: बारीक चरे, पाणी ते भरून टाकतं. थेंबाखालीही दूध तसंच दिसलं तर दोष फिल्मच्या पोटात आहे, म्हणजे फवारतानाच हवेतली ओल पकडली गेलीय. त्यावर जन्मभर कंपाउंड घासलं तरी काही होणार नाही.

दुसरी वासाची, मामांची. मॉडेल झाकणाच्या स्वच्छ प्लास्टिकच्या डब्यात रात्रभर बंद करा. सकाळी झाकण किंचित उघडून नाक न्या. थिनरचा गोडसर वास आला तर क्लिअर अजून सुकतंय. मॉडेल उघड्यावर ठेवून वास घेऊ नका, मुंबईच्या घरात तो पंख्याखाली लागतच नाही. थ्रीडी प्रिंटची रेझिन बॉडी असेल आणि थिनरऐवजी रेझिनचाच आंबट-तेलकट वास आला, तर प्रिंट पूर्ण क्युअर न होता, म्हणजे रेझिन पुरतं घट्ट होण्याआधीच, रंगवली गेलीय. ते रेझिन रंगाखालून पाझरत राहतं. तिथे रंग काढून, प्रिंट धुऊन परत यूव्हीखाली ठेवणं हाच उपाय.

तिसरी धुण्याची, आणि ही नव्याने पॉलिश केलेल्या गाडीवर करायची. भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब पाण्यात टाकून बॉडी हलक्या हाताने धुवा, टिपून घ्या. चमक तिथेच पडली तर कंपाउंडमधल्या तेल-मेणाने चरे भरले होते, घासून गेले नव्हते. गाड्यांच्या ॲक्सेसरीच्या दुकानातली बरीच पॉलिशं अशी भरणारी असतात. खऱ्या गाडीला त्याचा उपयोग आहे, आपल्याला शेवटच्या हाताआधी नाही.

माझ्या अनुभवात दहातल्या सहा-सात गाड्या वासाच्या परीक्षेत सापडतात. म्हणून सगळ्यात जास्त लिहिण्यासारखं त्याच्यावरच आहे.

सुकवणं

पावसाळ्यात उघड्या फळीवर लॅकर सुकायला मी किमान तीन आठवडे धरतो, आणि थर जाड असेल तर तेही पुरत नाहीत. वाट बघायची तयारी नसेल तर उष्णता लागते, पण माफक.

याचं गणित मला फार आवडतं. २८ अंशांना ८५ टक्के आर्द्रता असलेली जुलैची हवा एका डब्यात ४२ अंशांपर्यंत तापवली की तीच हवा, तेवढंच पाणी घेऊन, ४० टक्क्यांच्या खाली येते. म्हणजे डीह्युमिडिफायर न घेता आपण डब्यापुरता डिसेंबर तयार करतो. फळं सुकवायचा फूड डीहायड्रेटर मिळाला तर उत्तमच, त्यात तापमान ठरवता येतं. नाहीतर भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात २५ वॉटचा जुना पिवळा बल्ब, आणि मॉडेलपाशी थर्मामीटर. ४५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका. पॉलिस्टायरीन पूर्ण मऊ पडतं ते बरंच वर, शंभर अंशांच्या जवळ, पण बारीक खांब आणि पातळ छत त्याच्या कितीतरी आधी वाकतं. पद्मिनीच्या छताचे ते बारीक खांब तर फारच नाजूक.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ताजं फवारलेलं मॉडेल थेट बल्बच्या डब्यात ठेवू नका. थिनरची वाफ पेट घेते. आधी पाच-सहा तास मोकळ्या हवेत, खिडकीजवळ, मगच डब्यात. आणि आपल्या घरांत फवारण्याची जागा बहुतेकदा स्वयंपाकघराची खिडकीच असते, तेव्हा गॅस पूर्ण बंद, देवापुढचा दिवाही विझलेला, हे बघूनच ट्रिगर दाबा.

मी ४० अंशांना तीन दिवस ठेवतो, मग बाहेर काढून आठवडाभर खोलीच्या तापमानाला, मग परत वासाची परीक्षा. वास येत असेल तर परत डब्यात.

आणि साक्षीदार ठेवा. आइस्क्रीमचा प्लास्टिकचा चमचा घ्यायचा, बॉडीबरोबरच त्यालाही प्रायमर, रंग, क्लिअर, सगळं त्याच वेळी, तितकेच हात. नखाची परीक्षा बॉडीवर करता येत नाही, चमच्यावर येते. अंगठ्याचं नख दाबून धरा. चंद्रकोर उमटून राहिली तर अजून वेळ आहे. पेपर, कंपाउंड, सगळं आधी चमच्यावर करून बघा. चमच्यामागे फार तर दोन रुपये जातात, आणि त्याने माझ्या किती बॉड्या वाचवल्या असतील.

पोटात दूध असेल तर

थिनर उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं, पृष्ठभाग थंड होतो. ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असताना दवबिंदू, म्हणजे हवेतली वाफ पाणी होऊन बसू लागते ते तापमान, सुमारे २७ अंशांवर असतो. म्हणजे रंग जेमतेम तीन अंशांनी थंड झाला की त्यावर दव बसलं. तेच २६ अंश आणि ५० टक्के असलेल्या खोलीत दवबिंदू १५ अंशांच्या आसपास, तिथवर रंग सहसा थंड होत नाही. रंगारी याला ब्लश आला म्हणतात.

हलका ब्लश पुष्कळदा डब्यातल्या उबेने आपोआप जातो, म्हणून आधी डबा. नाही गेला तर कोरड्या खोलीत नुसत्या रिटार्डर (सावकाश उडणाऱ्या) थिनरचा किंवा मिस्टर कलरच्या लेव्हलिंग थिनरचा अगदी धुक्यासारखा एक हात द्या. फिल्म वरून मऊ होते, अडकलेली ओल निघते, परत पारदर्शक होते. खाली डीकल असतील तर हात आणखी हलका, कारण तेज थिनर डीकल खातं. हा उपाय लॅकरचाच. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या युरेथेनवर तो चालत नाही, कारण ते एकदा जमलं की थिनरने विरघळत नाही.

टू-केचं ओझरतं सांगतो, कारण "मग टू-केच मारतो" हे पुढचं वाक्य असतं. ते हार्डनरशी रासायनिक क्रियेने घट्ट होतं, त्यामुळे असं आठवडे आकसत बसत नाही, आणि आरसा खरंच टिकतो. पण हार्डनरमधलं आयसोसायनेट हवेतल्या पाण्याशीही क्रिया करतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. दमट दिवशी सुईच्या टोकाएवढे बुडबुडे येतात ते त्यामुळे. शिवाय फवारलेलं आयसोसायनेट फुप्फुसात गेलं की कायमचा दमा लागू शकतो, कापडी किंवा धुळीचा मास्क तिथे काहीच कामाचा नाही. एका खोलीच्या घरात, लहान मुलं असताना, मी ते मारत नाही आणि कुणाला मारा म्हणत नाही.

सुकल्यावर घासणं

दोष पृष्ठभागावर आहे आणि वास गेलाय, मगच इथे या.

पी-२००० चा वॉटर पेपर अर्धा तास पाण्यात भिजवा, त्या पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब. पेपर बोटावर गुंडाळू नका, बोटाने खळगे पडतात. खोडरबराच्या तुकड्यावर गुंडाळा. बॉनेटच्या, दरवाज्याच्या, मडगार्डच्या प्रत्येक धारेवर एक मिलिमीटरची मास्किंग टेप आधी लावून घ्या. रंग ओला असताना पृष्ठताण त्याला धारेवरून मागे ओढतो, म्हणून क्लिअर सगळ्यात पातळ तिथेच असतं, आणि घासताना सगळा जोरही तिथेच येतो. सपाट भाग झाला की टेप काढून धारेवर फक्त कंपाउंडचा हात.

घासताना दर दहा-बारा फेऱ्यांनी पुसून बघा. मॅट झालेल्या जागेत चमकणारे ठिपके राहिले असतील तर ते फवारणीने आलेले, संत्र्याच्या सालीसारखे खळगे. सगळे ठिपके जाऊन एकसारखी राखाडी मॅट झाली की थांबा. एखाद-दोन ठिपके जातच नसतील तर खोदत बसू नका. बॉडी धुवा, वाळवा, अजून दोन हात क्लिअर मारा आणि पुन्हा वाट बघा. पाण्याला रंगाची छटा आली, काळी किंवा पिवळी, तर त्याच क्षणी हात उचला. क्लिअर संपलं.

पुढे २५०० आणि ३०००, प्रत्येक पेपर आधीच्याला आडवा. दिशा बदलली की आधीचे चरे उरलेत का ते दिसतं.

इथे एक गफलत इतक्या जणांची होते की ती वेगळी सांगायला हवी. २००० च्या वॉटर पेपरनंतर मायक्रोमेशचा (अति बारीक घासायच्या मऊ पट्ट्यांचा) सेट काढतात आणि त्यातल्या १५०० पासून सुरुवात करतात, किंवा २४०० पासून, कारण २००० नंतर २४०० येतो. मायक्रोमेशचे आकडे वेगळ्या मोजमापाचे आहेत. त्यातला १५०० साध्या पी-पेपरच्या ४००-५०० च्या आसपासचा. पी-२००० चा कण सरासरी दहा मायक्रॉनचा, मायक्रोमेश १५०० चा त्याच्या तिप्पट. म्हणजे सपाट केलेल्या बॉडीवर आपण स्वतः नांगर फिरवतो, आणि ते चरे शेवटपर्यंत पुरतात. पी-२००० नंतर मायक्रोमेश वापरायचाच असेल तर ६००० पासून पुढे.

मग कंपाउंड. तामियाचे तीन, कोर्स, फाइन आणि फिनिश, या क्रमाने, प्रत्येकाला वेगळं कापड. नागदेवी स्ट्रीटला मिळणारं गाड्यांचं रबिंग कंपाउंड मी फक्त जाड थरावर आणि फक्त पहिल्या पायरीला घेतो. कापड म्हणून धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती बनियन कोर्सपर्यंत चालतं, शिवण कापून टाकलेलं, पुढे मायक्रोफायबरच. हातानेच करा. ड्रिलला फोमचं पॅड लावून फिरवलं की घर्षणाने लॅकर तापतं, मऊ होतं, आणि पॅड ते गोळा करून घेऊन जातं. प्रत्येक पायरीनंतर लिक्विडच्या पाण्याने धुऊन, दिवे बंद करून, मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा. धुतल्यावरही जे दिसतं तेच खरं.

पुढच्या वेळी फवारताना

शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक घ्या. ६५ टक्क्यांच्या वर आकडा असेल तर मी ग्लॉस क्लिअर मारत नाही, प्रायमर आणि जोडकामाला तो दिवस देतो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर हा आकडा एसीशिवाय क्वचितच मिळतो. एसी तासभर आधी लावून खोली कोरडी करा, पण एक फार महत्त्वाचं: एसीत थंड झालेली बॉडी गॅलरीत नेऊन फवारू नका. २४ अंशांचं प्लास्टिक २७ अंश दवबिंदूच्या हवेत गेलं की थंडगार ग्लासला सुटतो तसा त्याला लगेच घाम सुटतो, आणि तुम्ही त्या घामावर क्लिअर मारता. जिथे ठेवलं तिथेच फवारा.

एअरब्रशने फवारत असाल तर कॉम्प्रेसरच्या, हवेतलं पाणी अडवणाऱ्या सापळ्याकडे पावसाळ्यात दर दहा मिनिटांनी बघा, टाकी असेल तर रोज खालची चावी उघडून पाणी काढा. स्प्रे कॅन असेल तर तो कोमट पाण्यात पाच मिनिटं. कोमट म्हणजे बाळाच्या अंघोळीचं, त्याहून गरम कधीही नाही.

आणि हात. एका तासात चार ओले हात मारले की वरच्या तिन्हींनी खालच्याला कोंडून टाकलं. मी आता पहिल्या दिवशी दोन धुक्यासारखे आणि एक ओला, मग दोन दिवस सुट्टी, मग दोन ओले, मध्ये अर्धा-पाऊण तास. एकूण वेळ जास्त वाटतो, पण प्रत्येक थराचं थिनर आपल्या वाटेने निघून जातं आणि शेवटी वाळायला लागणारे दिवस कमी होतात.

पद्मिनी मी त्या वर्षी सोलली आणि डिसेंबरमध्ये परत रंगवली. पॉलिश झाल्यावरही महिनाभर तिच्यावर काचेची पेटी ठेवली नाही, नुसतं पातळ कापड धूळ अडवायला. बंद पेटीत उरलंसुरलं थिनर कोंडतं आणि सगळ्यात आधी विंडस्क्रीन धुरकटते. आता ती बाबांच्या खाटेशेजारी आहे, दोन पावसाळे झाले. मीटरचा फ्लॅग लावलाय तो भागही अजून तसाच चमकतो.

हे सगळं करूनही चमक गेली तर मला फोटो पाठवताना चार गोष्टी लिहा: क्लिअर कोणतं आणि थिनर कोणतं, शेवटचा हात कोणत्या तारखेला मारला, घासायला कोणत्या तारखेला घेतलं, आणि थेंबाखाली काळं दिसलं की दुधाळ. चमच्याचाही फोटो हवा.